सूर्यावरील डाग : निरीक्षण आणि नोंद
(वरिष्ठ प्राथमिक वर्गांसाठी सामान्यविज्ञानाचा पाठ)

सूर्य रोज उगवतो व रोज मावळतो. परंतु त्याच्या बिंबावरही काही घडत असते, याची कल्पना आपल्या विद्यार्थ्यांस सहसा नसते. त्या बिंबावर काळे डाग उमटतात, वाढतात, एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकतात आणि विरून जातात. हे पाहावयास वेधशाळेची आवश्यकता नाही. एक लहान दुर्बीण, पांढरा कागद, पेन्सिल आणि नियमितपणा एवढ्या साहित्यावर आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात हा पाठ घेता येईल.

पाठाचे हेतू दोन आहेत. सूर्य स्वतःभोवती फिरतो, हे मुलांनी स्वतःच्या नोंदींवरून सिद्ध करावे, हा पहिला. जे दिसले तेवढेच लिहावे, न दिसलेले लिहू नये, हे वळण त्यांच्या हातास लागावे, हा दुसरा. आणि तो पहिल्याहून मोठा आहे.

१. प्रथम सावधगिरी

दुर्बिणीतून सूर्याकडे कदापि पाहू नये व कोणास पाहू देऊ नये. भिंगाने कागद जळतो हे मुलांनी पाहिलेले असते. दुर्बिणीमागे डोळा असेल तर कागदाच्या जागी डोळ्याचा पडदा असतो. त्या पडद्यास वेदना कळत नाहीत, म्हणून इजा होत असताना मुलास ती जाणवत नाही, आणि गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. नुसत्या डोळ्यांनीही सूर्याकडे टक लावू नये. काजळी धरलेली काच, क्ष-किरणाची जुनी फिल्म व साधा काळा चष्मा ही साधने सुरक्षित नाहीत. ग्रहणाचा चष्मा घालून दुर्बिणीतून पाहणे तर अत्यंत घातक होय. काही स्वस्त दुर्बिणींबरोबर नेत्रिकेवर बसविण्याची काळी काच मिळते. ती उष्णतेने अकस्मात तडकते, यास्तव ती काढून टाकावी.

आपण सूर्य पाहावयाचा नाही. सूर्याचे चित्र कागदावर पाहावयाचे आहे. दुर्बीण शिक्षकांनी स्वतः हाताळावी, मुलांना पडद्याच्या बाजूस उभे करावे, आणि काम संपेपर्यंत दुर्बीण सोडून क्षणभरही दूर जाऊ नये.

२. साहित्य व मांडणी

झाडाच्या पानांमधून जमिनीवर पडणारे गोल कवडसे ही सूर्याचीच चित्रे होत, येथून पाठास प्रारंभ करावा. पुठ्ठ्यास टाचणीने छिद्र पाडल्यास १ मीटर अंतरावरील कागदावर सुमारे ९ मिलिमीटर व्यासाचे बिंब पडते. या बिंबात सामान्य डाग दिसत नाहीत. ते फार पुसट असते. म्हणून भिंगाचे साहाय्य घ्यावे लागते.

सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाच्या वस्तुभिंगाची दुर्बीण या कामास पुरेशी आहे. द्विनेत्री दुर्बीण असल्यास तिची एक नळी झाकणाने पक्की बंद करावी व ती स्टुलावर अथवा तिपाईवर घट्ट बांधावी. नळीभोवती मोठा पुठ्ठा बसवावा, म्हणजे त्याची सावली पडद्यावर पडून बिंब उठून दिसेल. दुर्बिणीची सावली सर्वांत लहान झाली की ती सूर्याच्या रोखास आली असे समजावे. रोख साधण्यासाठी डोळा लावू नये. दहापट मोठे दाखविणाऱ्या द्विनेत्रीपासून पडदा सुमारे १ मीटर अंतरावर धरल्यास ९ ते १० सेंटिमीटरांचे बिंब मिळते. दर दोन-तीन मिनिटांनी वस्तुभिंगावर झाकण ठेवून दुर्बीण निवू द्यावी, अन्यथा आतील भाग तापून बिघडतात.

३. निरीक्षणाचा क्रम

सकाळी आठ-नऊच्या सुमारास हवा स्थिर असते. तीच वेळ रोज ठेवावी. कागदावर १० सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ आधी काढून ठेवावे व बिंब त्यात बरोबर बसवावे. दुर्बीण न हलविता थांबल्यास बिंब आपोआप सरकू लागते. ज्या कडेने ते पुढे जाते ती पश्चिम कड होय. ती खूण करून मगच डाग काढावेत. मोठ्या डागाचा मध्यभाग गडद व भोवतालचा फिका दिसतो. दोन्ही निरनिराळे दाखवावेत.

एखादा ठिपका डाग आहे की काचेवरील धूळ, अशी शंका मुले विचारतील. तिचे उत्तर सांगू नये, करून दाखवावे. बिंब सरकते तेव्हा डाग बिंबाबरोबर सरकतो, धुळीचा ठिपका जागीच राहतो.

चित्राखाली तारीख, वेळ, आकाशाची स्थिती व निरीक्षकाचे नाव लिहावे. डागांच्या गटांची संख्या दहाने गुणून तीत एकूण डागांची संख्या मिळवावी. ३ गट व ७ डाग असल्यास ३७. रूडॉल्फ वोल्फ यांनी १८४८ साली घालून दिलेली ही रीत आजही काही सुधारणांसह वापरात आहे.

४. नोंदींवरून अनुमान

आठ-दहा दिवसांची चित्रे जमली की ती ओळीने मांडावीत. डाग पश्चिम कडेकडे सरकलेला दिसेल. मध्यावर असलेला डाग पहिल्या तीन दिवसांत सुमारे ३२ मिलिमीटर सरकतो, पुढील तीन दिवसांत मात्र केवळ १७ मिलिमीटर. शिवाय कडेजवळ तो चपटा होतो. हे का, असा प्रश्न वर्गास टाकावा. मडक्यावर चुन्याचा गोल ठिपका देऊन मडके सावकाश फिरवावे, म्हणजे उत्तर मुलेच देतील. डाग गोलाच्या पृष्ठावर आहे व गोल फिरत आहे. शाइनर हे डागांना सूर्याभोवती फिरणाऱ्या लहान गोलांच्या सावल्या मानीत असता, १६१२ साली गॅलिलिओ यांनी याच युक्तिवादाने ते सूर्याच्या पृष्ठावरच असल्याचे दाखविले.

पृथ्वीवरून पाहता डाग सुमारे २७ दिवसांत एक फेरी पुरी करतो. या अवधीत पृथ्वीही पुढे सरकलेली असते. ते वजा जाता सूर्याच्या विषुववृत्तावरील भ्रमणकाल सुमारे २५ दिवसांचा येतो.

आकारमानाचाही हिशेब करवून घ्यावा. सूर्याचा व्यास सुमारे १३ लक्ष ९२ हजार किलोमीटर आहे. म्हणून आपल्या वर्तुळात १ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ १४ हजार किलोमीटर. पेन्सिलीचा एक बारीक ठिपका आपल्या पृथ्वीएवढा झाला. डाग काळा दिसला तरी तो थंड नव्हे. सूर्याच्या पृष्ठाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस, तर डागाच्या मध्याचे सुमारे ४,००० अंश असते. तेथील प्रबळ चुंबकीय क्षेत्र आतून वर येणारी उष्णता अडविते, म्हणून तो भाग भोवतालाच्या मानाने काळा भासतो.

५. रिकाम्या वर्तुळाचे मोल

काही दिवशी एकही डाग दिसणार नाही. डागांची संख्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्राने वाढते व घटते. गेले कमाल पर्व २०२४ च्या सुमारास येऊन गेले. त्यापुढील काळ उताराचा होय. अशा दिवशी मूल हिरमुसते, आणि मन राखण्यासाठी एखादा ठिपका काढूनही देते. येथे शिक्षकांनी जागरूक राहावे. 'आकाश स्वच्छ, डाग नाही' ही पूर्ण नोंद आहे. 'ढग होते, पाहता आले नाही' ही वेगळी नोंद आहे. पावसाळ्यात दुसऱ्या प्रकारच्या नोंदी पुष्कळ येतील. त्या तशाच ठेवाव्यात.

१६४५ ते १७१५ या सत्तर वर्षांत सूर्यावर डाग अत्यंत विरळ होते, हे आज आपणांस ठाऊक आहे. त्या काळच्या निरीक्षकांनी पाहिले आणि दिसले नाही तेव्हा तसे लिहून ठेवले, म्हणूनच ते कळले. या कालखंडाकडे जगाचे लक्ष वेधणारे एडवर्ड मॉन्डर हे आपल्या विदर्भात येऊन गेले आहेत. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी हौशी निरीक्षकांच्या एका ब्रिटिश संघटनेची तुकडी तळणी येथे उतरली होती. ग्रीनिच येथे सूर्यडागांची मोजमापे करणाऱ्या त्यांच्या पत्नी अ‍ॅनी मॉन्डर यांनी तेथे जेमतेम ४ सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाने सूर्याच्या तेजोवलयातील लक्षावधी किलोमीटर लांबीचा किरण टिपला. त्याच तुकडीतील जॉन एव्हरशेड यांनी पुढे १९०९ साली कोडाईकनाल येथे डागांमधील वायूंच्या प्रवाहाचा शोध लावला. त्याच ग्रहणाचे वेध पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी नायगामवाला यांनी जेऊर येथून घेतले होते.

कोडाईकनाल येथे १९०४ पासून सूर्याची छायाचित्रे घेतली जात आहेत, आणि २ सप्टेंबर २०२३ रोजी अवकाशात गेलेल्या 'आदित्य-एल१' यानावर पुण्याच्या 'आयुका' संस्थेने सिद्ध केलेली दुर्बीण आहे. तरी डेसाऊ येथील औषधविक्रेते हाइनरिख श्वाबे यांनी १८२६ पासून सतरा वर्षे लहान दुर्बिणीने डाग मोजले व चक्राचा पहिला सुगावा त्यांनाच लागला, हे मुलांस अवश्य सांगावे.

६. सूचना

(१) वर्गाची एक 'सूर्यवही' ठेवावी व ती पुढील वर्षीच्या वर्गाकडे सोपवावी.
(२) चुकलेले चित्र खोडू नये. त्यावर रेघ मारून शेजारी नवे काढावे.
(३) रिसोड व मानोरा अशा दोन दूरच्या तालुक्यांतील शाळांनी एकाच दिवशीची चित्रे परस्परांस पाठवावीत. ती जुळली, तर डाग सूर्यावर आहेत, आपल्या काचेत नाहीत, याचा पुरावा मुलांच्या हाती येईल.
(४) गुण चित्राच्या सुबकतेस देऊ नयेत. नोंदीच्या खरेपणास द्यावेत.

दसऱ्यानंतर आकाश निवळते. पाठाचा आरंभ तेव्हा करावा. पहिल्या पानावर वर्तुळ रिकामे राहिले तरी ते पान फाडू नये. तीच वर्गाची पहिली खरी नोंद होय.