बर्फावर चढणारे जहाज



गोठलेला समुद्र फोडत जाणाऱ्या जहाजाला हिंदीत आणि मराठीतही ‘हिमभंजक’ म्हणतात. या जहाजाचे टोक करवतीसारखे धारदार असेल, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात हे जहाज बर्फ कापत नाही, त्यावर चढून तो मोडते.

सेंट पीटर्सबर्गजवळ क्रोनश्टाट हे बेटावरचे बंदर आहे. भर हिवाळ्यात तेथील आखात इतके गोठे की लोक घसरगाड्यांतून ये-जा करीत. खरी अडचण हिवाळ्याच्या आरंभी व शेवटी येई. तेव्हा बर्फ नावेला अडवण्याइतका जाड, पण गाडी पेलायला कच्चा असे. बेटावरच्या माणसांनी काय करावे?

१८३७ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने दोन्ही बाजूंना चाके असलेली एक मजबूत वाफेची बोट बांधली होती. ती मुख्यतः जोरावर बर्फ फोडी. क्रोनश्टाटचे व्यापारी मिखाईल ब्रित्नेव यांनी १८६४ मध्ये निराळा विचार केला. आपल्या ‘पायलट’ या छोट्या आगबोटीचे पुढचे टोक त्यांनी खालून सुमारे २० अंशांच्या उतारात छाटून घेतले. आता वाफेच्या जोराने बोटीचे नाक बर्फावर चढे आणि तिच्या वजनाने बर्फ खाली वाकून मोडे. खडू दोन्ही टोकांकडून दाबून पाहा, लवकर तुटणार नाही. वाकवला की लगेच तुटतो. बर्फाचेही तसेच आहे. वाहतूक वर्षाकाठी काही आठवडे वाढली. १८७१ च्या कडक थंडीत जर्मनीतील हॅम्बर्ग बंदर गोठले, तेव्हा तेथेही हीच रचना वापरली गेली.

पुढे ॲडमिरल मकारोव यांच्या कल्पनेतून ‘येर्माक’ हे मोठे पोलादी जहाज इंग्लंडमधील न्यूकॅसलला १८९८ मध्ये बांधले गेले. उत्तर ध्रुवाकडील जुन्या, जाड बर्फाने १८९९ मध्ये त्यालाही इजा केली. मग पुढचा पंखा काढून टोक नव्याने बांधावे लागले. पण त्याआधीच, १९०० च्या फेब्रुवारीत, एक गोष्ट घडली. फिनलंडच्या आखातात बर्फाचा मोठा तुकडा सुटला आणि त्यावरचे कोळी समुद्रात वाहून गेले. पोपोव यांच्या बिनतारी यंत्राने तो निरोप चाळीसहून अधिक किलोमीटर दूर गोगलांद बेटावर पोहोचवला. येर्माक तेथेच होते. ते बर्फ मोडत निघाले आणि त्या कोळ्यांना जिवंत घेऊन परतले.