वरण-भातातील सकसपणा आणि घरची डाळ

कोकणपट्टीत आणि भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात भात हेच मुख्य अन्न होय. खाचरे पिकली की कणगी भरते. डाळ मात्र बहुधा बाजारातून आणावी लागते. तिचा भाव चढला की वरणाची आमटी होते, आमटीचे पाणी होते, आणि पानातील भाताचा ढीग तेवढाच राहतो. पोट भरत असल्याने ही उणीव कोणाच्या ध्यानी येत नाही. तिची झळ प्रथम लागते ती वाढत्या मुलांना आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना.

१०० ग्रॅम तांदळात प्रथिने ७ ते ८ ग्रॅम, तर तुरीच्या डाळीत सुमारे २२ ग्रॅम असतात. शिवाय तांदळाच्या प्रथिनात लायसीन हा घटक कमी असतो, तो डाळीत विपुल आहे. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदळात त्यामानाने अधिक. एकाचे उणे दुसरे भरून काढते. तीन वाट्या तांदळास एक वाटी डाळ शिजविल्यास ही चतुर्थांश डाळ एकूण प्रथिनांचा जवळजवळ निम्मा भार उचलते. वरण-भात काय किंवा खिचडी काय, प्रमाण हेच राखावे. तान्ह्या मुलास सहा महिन्यांनंतर गुरगुट्या भात देताना त्यात वरणाचे नुसते वरचे पाणी न घालता घोटलेली डाळ घालावी.

आता स्वयंपाकघरात काय होते ते पाहू. तांदळातील ब-१ जीवनसत्त्व मुख्यतः कोंड्यात व अंकुरात असते. गिरणीत तांदूळ पांढराशुभ्र करताना त्यातील पुष्कळसे निघून जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर आइकमन या डच वैद्यास असे आढळले की, शुभ्र तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंडा दिल्यावर सावरतात. या कार्याबद्दल १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा बहुमान मिळाला. कोकणातील उकड्या तांदळात हे सत्त्व दाण्याच्या आत शिरत असल्याने तो तांदूळ या बाबतीत सरस ठरतो. पाहुण्यांपुढे उकडा भात वाढण्यास लाजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. जे सत्त्व उरते तेही रोवळीत तांदूळ चोळचोळून धुतल्याने वाहून जाते. तांदूळ निवडून एक-दोनदा हलकेच धुवावा, आणि जिरेल एवढ्याच आधणात वैरावा. भात वेळावयाचाच असेल तर पेज गटारात न ओतता मीठ घालून प्यावी.

डाळ तासभर भिजत घालून शिजवावी, म्हणजे सरपण वाचते. चिंच, आमसूल आदी आंबट पदार्थ डाळ शिजल्यावरच घालावेत. आधी घातल्यास दाणा कडक राहतो. विहिरीचे पाणी जड असेल तर डाळ लवकर शिजत नाही, म्हणून कित्येक घरी सोडा टाकतात. त्याने डाळ मऊ होते, परंतु ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते. पानात लिंबाची फोड असावी. तिच्या रसाने डाळीतील लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतल्यास उलट घडते. वरणात शेवग्याचा किंवा चुक्याचा पाला घातल्यास उत्तमच.

राहिला प्रश्न डाळ आणावी कोठून हा. पाच माणसांच्या कुटुंबास रोज पाव किलो डाळ धरल्यास वर्षास सुमारे ९० किलो डाळ, म्हणजे चुरी व टरफल वजा जाता सुमारे सव्वा क्विंटल तूर लागते. पूर्व विदर्भात धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर तूर टोकण्याची जुनी वहिवाट आहे. धुऱ्यावरची तूर वर्षभर पुरेलच असे नाही. तथापि निम्मी गरज भागली तरी बाजारभावाची धास्ती उरत नाही. कोकणात भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल व कुळीथ येतात. वालाची आमटी अथवा कुळथाची पिठी भातास तुरीच्या वरणाइतकीच उपयुक्त जोड आहे. मळणी झाल्यावर बियाणे आणि घरखर्चाचा वाटा प्रथम बाजूस काढून, उन्हात कडकडीत वाळवून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि मगच गाडी बाजारास जुंपावी.