छायाचित्र अंधूक का आले?



माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने आपल्या शाळेच्या कॅमेऱ्यासाठी ५० मिलिमीटरची, एफ १.८ ची प्राइम लेन्स भेट दिली, हे आपणा सर्वांना ठाऊक आहेच. ती आल्यावर पहिल्याच मोठ्या कार्यक्रमात आम्ही तिची हौस भागवून घेतली. तो कार्यक्रम होता घंटा देणाऱ्या मामांच्या निरोपाचा. पावसाळ्याची संध्याकाळ, जुना हॉल, दोन ट्यूबलाइट. फ्लॅश न लावता एवढ्या अंधारात फोटो निघतात याचेच आम्हांला अप्रूप वाटले. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर सगळे फोटो झकास दिसत होते.

दुसऱ्या दिवशी संगणकावर पाहिले तेव्हा हारातल्या शेवंतीची पाकळी न् पाकळी मोजता येत होती. फेट्याची जर स्पष्ट होती. मामांचे डोळे मात्र एकाही फोटोत स्पष्ट नव्हते.

दिवाळीनंतर मामा गेले. घरच्यांनी भिंतीवर लावण्यासाठी चांगला फोटो मागितला. आम्ही निरोपाचे सगळे फोटो पुन्हा चाळले आणि शेवटी जुन्या लेन्सने काढलेल्या स्वातंत्र्यदिनाच्या गटफोटोतून त्यांचा चेहरा कापून मोठा करून दिला. त्यांनी तो आनंदाने घेतला, काही बोलले नाहीत. संचालक मंडळाच्या बैठकीत मात्र एका ज्येष्ठ सदस्यांनी रास्त प्रश्न विचारला : "जुन्या लेन्सवर बरे फोटो येत होते, मग ही चांगली लेन्स घेऊन फोटो बिघडले कसे?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आमच्या छायाचित्रण गटाचे पुढचे काही शनिवार गेले. त्यातून जे हाती लागले ते येथे देत आहोत.

आधी ही लेन्स म्हणजे काय ते पाहू. प्राइम लेन्सचे नाभीय अंतर ठरलेले असते, तिच्यात झूम नसतो. लांबचे जवळ आणायचे तर आपणच चालत पुढे जायचे. 'एफ १.८' याचा अर्थ नाभीय अंतराला १.८ ने भागले की छिद्राचा व्यास मिळतो. ५० ला १.८ ने भागा : सुमारे २८ मिलिमीटर. आपली जुनी झूम लेन्स पुढे ताणली की तिचे छिद्र एफ ५.६ च्या वर उघडत नाही. म्हणजे ५० मिलिमीटरला जेमतेम ९ मिलिमीटरचे भोक. व्यास तिप्पट झाला की क्षेत्रफळ साधारण नऊ-दहा पट होते, आणि प्रकाशही तेवढाच जास्त येतो. जिथे जुन्या लेन्सला शटर १/१० सेकंद उघडे ठेवावे लागे, तिथे या लेन्सला १/१०० सेकंद पुरते.

मोठ्या छिद्राची ही ओढ छायाचित्रकलेइतकीच जुनी आहे. १८३९ साली दागेरची पद्धत जाहीर झाली तेव्हा माणसाला काही मिनिटे पुतळ्यासारखे बसावे लागे. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू लावत. १८४० मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी कागदावर आकडेमोड करून सुमारे एफ ३.६ ची लेन्स रचली. हिशेब एवढा मोठा होता की आकडेमोडीत तरबेज असलेले तोफखान्यातले शिपाई त्यांच्या मदतीला दिले गेले होते. या लेन्समुळे मिनिटांचे काम सेकंदांवर आले. पण तिच्याने मध्यभाग स्पष्ट येई आणि कडा विरघळून जात. प्रकाश मिळाला, त्याची किंमतही मोजावी लागली.

आपण मोजतो ती किंमत दहावीच्या प्रकाशाच्या पाठात आहेच. ठरावीक अंतरावरच्या वस्तूचीच प्रतिमा सेन्सरवर नेमकी पडते. तिच्या पुढच्या-मागच्या वस्तूंच्या बिंदूंची तिथे चकती होते. लेन्समधून येणारे किरण नरसाळ्याच्या आकाराने एका टोकाशी जुळतात. नरसाळ्याचे तोंड रुंद असेल तर टोकापासून थोडे सरकले तरी मोठे वर्तुळ लागते. तोंड अरुंद असेल तर तेवढ्याच अंतरावर छोटे लागते. लहान चकती डोळ्याला बिंदूच वाटते, म्हणून छोट्या छिद्राने पुढचे-मागचे बरेचसे स्पष्ट दिसते. मोठ्या छिद्राने स्पष्टतेचा फक्त एक पातळ पट्टा उरतो.

किती पातळ? आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान आकाराचा आहे. त्याच्यासाठी चकतीची मर्यादा ०.०२ मिलिमीटर धरून नववीच्या मुलांनी सूत्राने गणित केले. एफ १.८ ला माणूस २ मीटरवर असेल तर पट्टा साधारण ११ सेंटिमीटर येतो. १ मीटरवर तो पावणेतीन सेंटिमीटर, म्हणजे पुढे-मागे मिळून जेमतेम दोन बोटे! मामांच्या हाराची फुले त्यांच्या डोळ्यांपेक्षा सहज वीतभर पुढे होती. कॅमेऱ्याने फुले पकडली, डोळे पट्ट्याबाहेर राहिले. एफ ५.६ च्या जुन्या लेन्सने २ मीटरवर ३५ सेंटिमीटरचा पट्टा मिळाला असता, त्यात हार आणि डोळे दोन्ही मावले असते. ज्येष्ठ सदस्यांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे.

उरलेले अर्धे आमच्या सवयीत होते. फोकस कुठे घ्यायचा हे आम्ही कॅमेऱ्यावर सोडले होते. पडद्यावर अनेक चौकोन असतात, आणि कॅमेरा बहुधा सर्वांत जवळची, ठळक कडा असलेली वस्तू निवडतो. पिवळ्या शेवंतीपेक्षा ठळक ते काय असणार? आता आम्ही एकच चौकोन निवडतो आणि तो जवळच्या डोळ्यावर ठेवतो. चेहरा थोडा वळलेला असला तर दोन डोळ्यांपैकी कॅमेऱ्याकडचा डोळा धरायचा. लांबचा किंचित मऊ आला तर चालतो, जवळचा मऊ आला तर फोटो गेला असे समजा.

इथे आणखी एक खोड आडवी येते. मधल्या चौकोनाने डोळ्यावर फोकस घ्यायचा, बटण अर्धे दाबून ठेवायचे आणि मग चौकट हवी तशी सरकवायची, अशी जुनी शिकवण आहे. छोट्या छिद्राला ती ठीक होती. पण १ मीटरवरून कॅमेरा १० अंश वळवला तर स्पष्टतेची पातळी डोळ्यापासून सुमारे दीड सेंटिमीटर सरकते. (कोसाइनचे कोष्टक काढून पाहा : १ उणे ०.९८५.) आपला पट्टा मुळात दोन्ही बाजूंना सव्वा-दीड सेंटिमीटरचाच. म्हणून चौकट आधी ठरवावी आणि डोळ्यावर पडणारा चौकोन निवडावा. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत डोळा ओळखून फोकस धरण्याची सोय असते. ज्यांच्या घरी तसा कॅमेरा आहे त्यांनी ती जरूर वापरावी. आपल्या शाळेचा कॅमेरा जुना आहे, त्याला आपणच सांगावे लागते.

शिवाय माणूस डुलतो. फोकस घेतल्यावर काढणारा श्वास सोडतो, समोरचा हसताना मान पुढे करतो, आणि दोन बोटांचा पट्टा तिथल्या तिथे निसटतो. याला उपाय साधे आहेत : पाय रोवून उभे राहावे, कोपरे अंगाशी घ्यावीत, समोरच्याला पाठ टेकता येईल अशी खुर्ची द्यावी, फोकस मिळताच लगेच बटण दाबावे आणि एकाऐवजी तीन-चार फोटो घ्यावेत.

फोटो अंधूक आला की सगळे "फोकस हुकला" म्हणतात. दर वेळी तसे नसते. फोटो संगणकावर पूर्ण मोठा करा आणि चित्रात कुठेतरी काही स्पष्ट आहे का ते शोधा. कान, कॉलर, मागची भिंत, काहीही चालेल. असले तर फोकस चुकीच्या जागी पडला. काहीच स्पष्ट नाही आणि दिव्यांचे ठिपके एकाच दिशेला ओढलेले आहेत, तर हात हलला. भिंत स्पष्ट, पण लेझीम खेळणाऱ्या मुलीचे हात पुसट, तर शटर मंद होते. सगळे जागच्या जागी आहे, पण उजळ कडांवर दुधी झाक आहे, तर तो लेन्सचा स्वभाव असतो किंवा तिच्यावरचा बोटाचा ठसा. रोगाप्रमाणे औषध द्यावे. हात हलत असेल तर ही लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर १/१०० च्या खाली वापरू नये. चालत्या-बोलत्या मुलांना १/२५०, लेझीम आणि कबड्डीला १/५००. त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तर वाढवावा. थोडे दाणे आलेला स्पष्ट फोटो भिंतीवर लागतो, गुळगुळीत पण हललेला लागत नाही. ट्यूबलाइटखाली मात्र एक गंमत होते : आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदात १०० वेळा उजळतो-मंदावतो, आणि १/२५० ला एखादा फोटो काळपट किंवा पट्टेदार येतो. तिथे १/१०० बरे.

स्वभावाचे म्हणाल तर बहुतेक मोठ्या छिद्राच्या लेन्स पूर्ण उघड्या असताना जराशा मऊ असतात, कारण कडेचे आणि मधले किरण नेमके एका जागी जुळत नाहीत. छिद्र एफ २.८ केले की धार लक्षणीय वाढते आणि २ मीटरवरचा पट्टाही १७ सेंटिमीटरपर्यंत जातो. आमच्या मते एकट्या माणसाच्या फोटोला एफ २.८ हाच सुरुवातीचा आकडा असावा. कबड्डीचा बारा जणांचा संघ, एक ओळ बसलेली आणि एक उभी, ५ मीटरवरून घ्यायचा असेल तर एफ १.८ चा ७० सेंटिमीटरचा पट्टा अपुरा पडण्याची भीती असते, एफ ५.६ ला दोन मीटरहून जास्त मिळतो. दिलेले मोठे छिद्र दर वेळी पूर्ण वापरलेच पाहिजे, हा आमचा गैरसमज होता.

काही ठिकाणी तर त्याची गरजच नसते. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात, १२०४ च्या सुमारास उभी राहिली. आत अंधार असतो, म्हणून सहलीत मुले एफ १.८ लावतात आणि छताच्या दगडी कमळाच्या काही पाकळ्या हरवून बसतात. दगड कुठे पळतो? कॅमेरा जमिनीवर दप्तरावर उताणा ठेवावा, छिद्र एफ ८ करावे, टायमर लावावा आणि बाजूला व्हावे. शटर सेकंद-दोन सेकंद उघडे राहिले तरी बिघडत नाही.

याच्या उलट टोकाचे उदाहरण १९७५ च्या 'बॅरी लिंडन' चित्रपटाचे. दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिक यांनी नासासाठी बनवलेली झाइस कंपनीची ५० मिलिमीटर, एफ ०.७ लेन्स मिळवली आणि काही प्रसंग केवळ मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केले. पट्टा इतका पातळ की नटांना फारसे हलता येत नसे. फोकस सांभाळणारा साहाय्यक बाजूने, काटकोनात ठेवलेल्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर नटाचे डोके किती पुढे-मागे झाले ते पाहत असे. आणि निपाणीशेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने १९१८ च्या सुमारास सिनेकॅमेराच घडवला आणि 'सैरंध्री' (१९२०) काढला. हे लोक यंत्राला शरण गेले नाहीत. यंत्र आतून काय करते ते त्यांना माहीत होते.

बाजूने पाहण्याची युक्ती आपल्यालाही उपयोगी पडते. निपाणी भागातील आपल्या कितीतरी मुलांच्या आज्यांनी विड्या वळून संसार केला. सूप मांडीवर घेऊन बसलेल्या आजीचा फोटो समोरून घेतला तर हात पुढे आणि चेहरा मागे, दोन्हींत फूटभर अंतर पडते. दीड मीटरवरून एफ १.८ चा पट्टा सहाच सेंटिमीटर, म्हणजे हात किंवा डोळे, दोन्हींपैकी एक सोडावे लागते. तेच आजीच्या बाजूला, तिच्याच उंचीवर बसून घेतले की हात आणि जवळचा डोळा कॅमेऱ्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर येतात. एफ २.८ ला दोन्ही मावतात. बोटे भराभर चालत असतील, तेव्हा शटर १/२५०.

पालकांसाठी थोडेसे. मोबाइलमधला पोर्ट्रेट मोड मागची बाजू गणिताने पुसतो. केस आणि चष्म्याच्या काड्या कधी कधी त्यात कापल्या जातात. घरातल्या वडीलधाऱ्यांचा जपून ठेवायचा फोटो असेल तर तो मोड बंद करून, खिडकीच्या उजेडात, साधाच काढावा.

येत्या शनिवारपासून शाळा सुटल्यावर जुन्या हॉलमध्ये गटाचा सराव आहे. पहिल्या दिवशी बाकावर टेप पसरून काडेपेट्या दर पाच सेंटिमीटरवर मांडायच्या, मधलीवर फोकस घ्यायचा, आणि एफ १.८, २.८, ५.६ ला किती पेट्यांवरची अक्षरे वाचता येतात ते वहीत लिहायचे. दुसऱ्या शनिवारपासून आजी-आजोबांचे फोटो काढू. ज्यांना शाळेपर्यंत येणे जमत नाही, त्यांच्या घरी आम्ही येऊ; वर्गशिक्षकांकडे नाव आणि सोयीची वेळ द्यावी. खिडकीजवळ पाठ टेकता येईल अशी खुर्ची ठेवावी. शाल, फेटा, हार जे हवे ते घालावे. फोटो तिथेच मोठा करून डोळे तपासल्याशिवाय आम्ही उठणार नाही.