एकदा दाबले, पाच वेळा मोजले!

सातारा जिल्ह्यातील कोयनानगर हे नाव तुम्ही भूगोलाच्या पुस्तकात धरणासाठी आणि ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपासाठी वाचले असेल. या गावाची तिसरी ओळख म्हणजे तेथील पाऊस. सह्याद्रीच्या माथ्याजवळ असल्यामुळे येथे वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तो नीट मोजणे फार महत्त्वाचे असते. शिवाजीसागर जलाशयातून सोडलेले पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळते व पुढे सांगलीकडे जाते. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी सांगलीकरांनी महापूर पाहिला. त्यामुळे पावसाचा आकडा चुकून चालत नाही.

आपोआप पाऊस मोजण्याच्या एका उपकरणात तराजूसारखी झुलणारी दोन छोटी पात्रे असतात. एक पात्र ठरावीक पाण्याने, समजा ०.२ मिलिमीटर पावसाच्या पाण्याने, भरले की ते कलंडते आणि दुसरे त्याच्या जागी येते. कलंडताना पात्रावरील लोहचुंबक काचेच्या नळीत बंद केलेल्या दोन पत्र्यांना क्षणभर एकमेकांस चिकटवतो, म्हणजेच एक बटण दाबले जाते. किती वेळा दाबले गेले ते मोजले की पाऊस कळला!

हाच प्रयोग विज्ञान प्रदर्शनासाठी सहज करता येतो. आर्डुइनो ऊनो नावाची तयार पाटी, चार आकडे दाखविणारा टीएम १६३७ हा दर्शक आणि दाबायचे एक साधे बटण एवढे साहित्य पुरते. पाटीवरील मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चकतीत मावलेला छोटा संगणकच. बटण दाबले की आकडा एकने वाढावा, एवढीच आपली अपेक्षा. पण प्रत्यक्षात काय होते? कधी आकडा हलतच नाही, कधी आपोआप धावतो, तर कधी एकदा दाबल्यावर पाचने वाढतो! अशा वेळी सगळ्या तारा उपटून पुन्हा जोडू नका. दोष क्रमाने शोधा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

पहिली पायरी : दर्शक वेगळा तपासा. बटणाचा संबंध न ठेवता, दर सेकंदाला आकडा एकने वाढेल असा छोटा कार्यक्रम चालवा. आकडे बरोबर उमटले तर दर्शक निर्दोष. काहीच उमटले नाही, तर ५ व्होल्टची व जमिनीची तार पाहा. मग संदेशाच्या दोन तारांची अदलाबदल झाली आहे का, ते पाहा.

दुसरी पायरी : बटण वेगळे तपासा. लहान बटणाला चार पाय असतात, पण आतमध्ये त्यांच्या दोन जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील दोन पाय कायमचे जोडलेले असतात. बटण दाबल्यावर एक जोडी दुसऱ्या जोडीला जोडली जाते. तुम्ही दोन्ही तारा एकाच जोडीला लावल्या, तर मायक्रोकंट्रोलरला बटण सदैव दाबलेलेच दिसेल. विजेरीचा दिवा व दोन सेल घेऊन ही गोष्ट पडताळून पाहा. सोपा उपाय असा, की समोरासमोरच्या कर्णावरील दोन पाय वापरावेत. ते कधीही एकाच जोडीतले नसतात.

तिसरी पायरी : लोंबकळणारे टोक. आता बटणाचा एक पाय जमिनीला आणि दुसरा पाटीवरील २ क्रमांकाच्या टोकाला जोडा. बटण दाबले की त्या टोकावर शून्य व्होल्ट येतील. पण बटण सोडल्यावर तेथे किती व्होल्ट असतील? पुष्कळ जण म्हणतील, ५. हे उत्तर चूक आहे. टोक तेव्हा कशालाच जोडलेले नसते! ५ व्होल्टवर चालताना हा मायक्रोकंट्रोलर १.५ व्होल्टच्या खाली ० आणि ३ व्होल्टच्या वर १ असे खात्रीने वाचतो. त्याच्या टोकातून एक मायक्रोअँपिअरहूनही कमी प्रवाह वाहतो. म्हणून घरातील वीजतारांभोवतीचे, सेकंदाला ५० वेळा बदलणारे क्षीण विद्युत्क्षेत्रसुद्धा त्या मोकळ्या टोकाला ० आणि १ यांमध्ये झुलवू शकते. नुसता हात जवळ नेला तरी आकडा धावतो, तो यामुळेच.

उपाय म्हणजे ते टोक १० हजार ओहमच्या रोधकातून ५ व्होल्टला जोडणे. बटण सुटलेले असताना रोधक टोकाला वर ओढून धरतो. बटण दाबले की टोक थेट जमिनीला मिळते आणि रोधकातून फक्त अर्धा मिलिअँपिअर प्रवाह जातो. रोधकाऐवजी नुसती तार लावली, तर बटण दाबताच ५ व्होल्ट आणि जमीन यांचा थेट संपर्क होईल. तसे कधीही करू नका! मायक्रोकंट्रोलरच्या आतही २० ते ५० हजार ओहमचा असा रोध असतो व तो कार्यक्रमातून चालू करता येतो. मात्र पर्जन्यमापक छपरावर आणि पाटी खोलीत असेल, तर लांब तार आकाशतारेसारखे काम करते. तेथे बाहेरचा १० हजार ओहमचा रोधकच बरा. या जोडणीत दाबलेले बटण म्हणजे ० आणि सुटलेले म्हणजे १, हे ध्यानात ठेवा.

चौथी पायरी : बटण दाबून धरा. आकडा धावत सुटला तर दोष तारांत नाही, कार्यक्रमात आहे. मायक्रोकंट्रोलर तीच सूचनामाला सेकंदाला अनेक वेळा पुन्हा वाचतो. ‘बटण ० असेल तर एक मिळवा’ असे सांगितले, तर तो दर फेरीला एक मिळवणार. म्हणून मागच्या फेरीतील स्थिती लक्षात ठेवायला सांगा आणि १ वरून ० असा बदल झाला तरच एक मिळवा.

पाचवी पायरी : उसळणारे पत्रे. एवढे करूनही वीस वेळा दाबल्यावर आकडा सत्तावीस येतो! कारण काय? चेंडू जमिनीवर टाकला तर तो एकदम थांबत नाही, काही वेळा उसळतो. बटणातील धातूचे पत्रेही तसेच उसळतात. काही मिलिसेकंदांत ते अनेकदा जुळतात आणि सुटतात. आपल्या बोटाला ते जाणवत नाही, पण सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके मोजणाऱ्या मायक्रोकंट्रोलरला प्रत्येक उसळी म्हणजे नवे दाबणे वाटते. बटण सोडतानाही हेच घडते. म्हणून बटण सोडल्यावर आकडा वाढला, तर दोष उसळीचाच समजावा.

उपाय सोपा आहे. स्थिती बदललेली दिसताच घड्याळातील वेळ नोंदवा. ती नवी स्थिती सलग २० मिलिसेकंद टिकली तरच खरी माना, मध्येच बदलली तर वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजा. मात्र ‘अर्धा सेकंद स्वस्थ बस’ अशी सूचना देऊ नका. तेवढ्यात झालेले खरे दाबणे निसटून जाईल.

पर्जन्यमापकात २० मिलिसेकंद थांबल्याने पाऊस निसटेल का? हिशेब करू. ताशी १०० मिलिमीटर असा मुसळधार पाऊस धरला, तर ०.२ मिलिमीटरचे पात्र तासाला ५०० वेळा, म्हणजे ७.२ सेकंदांतून एकदा कलंडेल. भीतीचे कारण नाही. उलट उसळी न रोखता प्रत्येक कलंडणे दोनदा मोजले, तर दिवसाचा २०० मिलिमीटर पाऊस ४०० दिसेल! नदीकाठच्या गावात अशा आकड्याने नाहक घबराट उडेल. आणि सैल तारेमुळे निम्मीच मोजणी झाली, तर त्याहून वाईट. संकट दारात येईल आणि आकडा मात्र स्वस्थ राहायला सांगेल.

आता करून पाहा. बटण सावकाश १०० वेळा दाबा व आकडा लिहून ठेवा. मग थांबण्याचा काळ ०, १, ५, १० व २० मिलिसेकंद ठेवून प्रत्येक वेळी पुन्हा १०० वेळा दाबा. काळ आडव्या अक्षावर आणि आलेला आकडा उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. आलेख ज्या ठिकाणी १०० वर स्थिरावेल, तेथे तुमच्या बटणाच्या उसळीचा काळ तुम्हाला सापडेल. जुने बटण आणि नवे बटण यांचे आलेख सारखे येतात का?