कूलरचा पंखा मंद गतीवर अखंड : जोडणी आणि दक्षता

वैशाखातील दुपारी वेरूळच्या एखाद्या लेण्यात पाऊल टाकणाऱ्यास शिल्पांच्याही आधी जाणवतो तो आतला गारवा. डोंगराचा अखंड कातळ तापण्यास दीर्घ काळ लागतो. त्यामुळे बाहेर पारा ४० अंशांकडे झुकला असताही लेण्यांच्या अंतर्भागात उष्णता सहसा शिरत नाही. पायथ्याच्या गावात, घृष्णेश्वराच्या वाटेवरील पत्र्याच्या छपराखालील दुकानांत, यात्रेकरूंच्या निवासांत आणि सामान्य घरांत मात्र हे सुख नाही. पत्रा तासाभरात तापतो. पूर्वी संपन्न घरांतून दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडीत असत. आजचा कूलर हे त्याच ताटीचे यांत्रिक रूप होय.

एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता हवेतून शोषली जाते. मराठवाड्यातील उन्हाळ्याची हवा कोरडी असल्याने ही क्रिया येथे जोमाने घडते. परंतु भर दुपारी आवश्यक असलेला जोराचा झोत मध्यरात्रीनंतर नकोसा होतो. मग कूलर बंद केला जातो, तासाभराने उकाड्याने झोपमोड होते, पुन्हा कूलर सुरू होतो, आणि असा खेळ पहाटेपर्यंत चालतो. पंखा मंद गतीवर अखंड चालू ठेवावा व गरज पडेल तेव्हाच त्याने वेग घ्यावा, हा यावरील उपाय आहे. थंड देशांत घरे उबदार ठेवणाऱ्या भट्टीचा ब्लोअरही याच रीतीने जोडतात. तेथे गरम हवा खेळती ठेवायची असते, येथे गार. विजेची जोडणी मात्र तत्त्वतः एकच.

कूलरमधील मोटार बहुधा एक-फेजी व कंडेन्सरवर चालणारी असते. वेग बदलण्यासाठी तिच्या वाइंडिंगमधून निरनिराळ्या ठिकाणी तारा बाहेर काढलेल्या असतात. त्यांना फाटे म्हणू. न्यूट्रलपासून जवळच्या फाट्याला वीज दिली तर कमी वेढ्यांवर पूर्ण दाब येतो, चुंबकीय क्षेत्र प्रबळ होते आणि पंखा जोराने फिरतो. दूरच्या फाट्याला दिली तर तोच दाब अधिक वेढ्यांत विभागला जाऊन क्षेत्र दुबळे होते व वेग उतरतो. तारांचे रंग सर्व कारखान्यांचे सारखे नसतात. म्हणून रंगावर विसंबू नये. मोटारीवरील आकृती पाहावी. आकृती पुसली गेली असल्यास वीज पूर्ण तोडून मीटरने रोध मोजावा. साधारणतः न्यूट्रल आणि मंद फाटा यांमधील रोध सर्वांत अधिक, तर जलद फाट्याचा सर्वांत कमी भरतो.

येथे एक नियम कधीही मोडता कामा नये : एका वेळी एकाच फाट्याला वीज मिळाली पाहिजे. मंद व जलद असे दोन्ही फाटे एकदम जिवंत झाले, तर त्यांमधील वेढे दोन्ही टोकांनी जोडले जाऊन शॉर्ट होतात, त्यांत मोठा प्रवाह घुमू लागतो आणि मोटार थोड्याच वेळात जळते. प्रत्येक गतीसाठी साधे वेगळे बटण बसविण्याची हौस याच कारणाने महागात पडते. एक बटण बंद करण्यापूर्वी दुसरे दाबले जाणार नाही, याची हमी कोण देणार?

याकरिता दुतर्फी संपर्काचा रिले वापरावा. फेजची तार मुख्य बटणातून रिलेच्या मधल्या संपर्काला जोडावी. रिले विश्रांत असताना जो संपर्क जुळलेला असतो, त्यावर मंद फाटा, आणि रिले ओढला गेल्यावर जो जुळतो, त्यावर जलद फाटा घ्यावा. रिलेच्या कॉइलला थर्मोस्टॅटमार्गे वीज द्यावी. मुख्य बटण चालू असेतो पंखा मंद फिरत राहील. खोली ठरविलेल्या तापमानापेक्षा तापली की वेग घेईल आणि निवली की पुन्हा मंद होईल. मधली पट्टी एका वेळी एकाच बाजूस टेकू शकत असल्याने वरील नियम आपोआप पाळला जातो. थर्मोस्टॅट मात्र तापमान वाढल्यावर जोडणी करणारा हवा. पाणी तापविण्याच्या उपकरणातील थर्मोस्टॅट नेमका उलटा, तापल्यावर तोडणारा असतो. तो बसविल्यास कूलर गारव्यात धावेल आणि उकाड्यात रेंगाळेल. थर्मोस्टॅट कूलरच्या झोतात न ठेवता निजणाऱ्याच्या उंचीवर, दूरच्या भिंतीस लावावा.

पाण्याच्या पंपाबाबत एक फसवी चूक संभवते. जलद गतीबरोबरच पंप चालावा म्हणून पंपाची तार थेट जलद फाट्यालाच जोडण्याचा मोह होतो. पण मंद फाट्याला वीज असताना जलद फाटाही निर्जीव नसतो. वाइंडिंग ट्रान्सफॉर्मरप्रमाणे वागते आणि त्या फाट्यावर दाब शिल्लक असतो. पंप अपुऱ्या दाबावर कुरकुरत राहतो आणि त्याचा भार मोटारीवर पडतो. पंपासाठी स्वतंत्र बटण, अथवा दोन पूर्णपणे वेगळे संपर्क असलेला रिले घ्यावा. याच कारणास्तव वापरात नसलेल्या फाट्यांची टोके एकत्र पिळू नयेत; प्रत्येक टोक स्वतंत्रपणे झाकावे. जलद गती चालू असताना मंद फाट्याच्या मोकळ्या टोकावर तर मुख्य पुरवठ्याहूनही अधिक दाब असतो.

मंद गतीने विजेची बचत किती होते, याविषयी अतिरंजित कल्पना आढळतात. पंख्याचा वेग निम्मा झाला की हवा ढकलण्यास लागणारी शक्ती एक-अष्टमांश होते, हे खरे. परंतु फाट्यांनी वेग उतरविलेल्या मोटारीत शक्तीचा मोठा वाटा रोटर तापण्यात जातो, त्यामुळे मीटरवरील बचत इतकी दिसत नाही. समजा, जलद गतीला १५० वॅट व मंद गतीला ८० वॅट लागले, तर आठ तासांच्या रात्रीत १.२ युनिटऐवजी ०.६४ युनिट खर्च होतील. टंचाईच्या दिवसांत पाणी कमी लागते, हा लाभही लहान नव्हे.

ग्रामीण भागातील खरी अडचण कमी दाबाची. मोटारीचा फिरविण्याचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० व्होल्टऐवजी १७० व्होल्ट मिळाले, तर जोर निम्म्याहून किंचितच अधिक उरतो. त्यात मंद फाट्याचा जोर आधीच बेताचा. बेअरिंग सुकलेले असल्यास, गेलेली वीज परत आल्यावर पंखा नुसता गुणगुणतो, फिरत नाही, आणि घरातील माणसे झोपेत असता वाइंडिंग तापत जाते. म्हणून अखंड चालविण्याच्या मोटारीत तापल्यावर वीज तोडणारे संरक्षक साधन असलेच पाहिजे. वीज आल्यावर काही क्षण जलद फाट्यावर सुरुवात करून देणारा कालदर्शक रिले बसविल्यास अधिक उत्तम. हंगामापूर्वी बेअरिंगला तेलाचे थेंब द्यावेत आणि कंडेन्सर बदलताना त्यावर छापलेल्या मूल्याचाच घ्यावा. वीज तोडल्यावरही कंडेन्सरमध्ये भार शिल्लक राहतो, हे विसरू नये.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. पत्र्याचे अंग, आत पाणी, ओली फरशी आणि अनवाणी मूल, हा योग उन्हाळ्यात घरोघरी जुळून येतो. कूलर रात्रभर चालणार असेल, तर तो धोकाही रात्रभर जागा असतो. पंपाचे आवरण फुटले किंवा तार घासली गेली, की सारे अंग जिवंत होते, आणि कूलर तरीही व्यवस्थित गार हवा देत राहतो; कोणालाही संशय येत नाही. तीन पिनांचा प्लग लावला म्हणजे अर्थिंग झाले असे नव्हे. खोलीतील सॉकेटची तिसरी पिन जमिनीतील अर्थिंगपर्यंत खरोखर पोहोचली आहे काय, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. न्यूट्रलची तार कूलरच्या अंगाला जोडून अर्थिंगचे काम भागविणे हा जीवघेणा प्रकार आहे : वाटेत न्यूट्रल तुटली की संपूर्ण अंगावर फेज येते. ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा स्विच बसवावा व त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. पाणी भरताना बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग काढावा. फेज बटणातूनच गेली आहे ना, हेही पाहून घ्यावे. न्यूट्रल तोडणारे बटण बंद असताही मोटार जिवंत राहते.

ही जोडणी घरच्या घरी करून पाहण्याची नव्हे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वायरमन किंवा इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या व परवाना असलेल्या कारागिराकडून ती करून घ्यावी.

कूलर अखंड चालविताना समोरची खिडकी थोडी उघडी ठेवावी. अन्यथा दमट हवा खोलीतच साचून गारवा नाहीसा होतो. टाकीतील पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून कडा घासाव्यात, कारण डेंग्यू पसरविणारा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि ती कोरड्या कडांनाही चिकटून राहतात. मृगाच्या सरी आल्यावर हवाच ओलसर होते. मग पंप बंद करून टाकी कोरडी करावी आणि मंद फाट्यावर नुसता पंखा चालू ठेवावा.