लेंकराचें पथ्य व मंडळीचें प्रेम

शास्त्रवाचन : योहान ९ : १–३, १ करिंथ ८ : ७–१३



गेल्या कापणीच्या उपकारस्तुतीच्या दिवशीं आम्ही एका खेड्यांतील मंडळींत होतों. उपासनेनंतर प्रीतिभोजन झालें. एका आजीबाईंनीं तीन वर्षांच्या एका मुलाच्या हातावर मोठ्या मायेनें शेंगदाण्याचा लाडू ठेविला. दहा मिनिटेंहि झालीं नसतील, तोंच मुलाचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या व छाती घरघरूं लागली. एका तरुणानें त्यास तत्काळ तालुक्याच्या दवाखान्यांत नेलें. तेथें डॉक्टरांनीं मांडींत सुई टोंचली, आणि प्रभूच्या कृपेनें लेंकरूं वांचलें. परंतु पुढें आमच्या कानीं आलें तें असें : कोणी म्हणत, दृष्ट लागली, कोणी म्हणत, आईबापांचा विश्वास उणा. या बोलांनीं त्या आईस झालेलें दुःख पाहून आम्हीं हा पाठ लिहावयास घेतला.

१. हा विकार कोणता? – रोगजंतूंशीं झुंजणारी एक शक्ति देवानें आपल्या शरीरांत ठेविली आहे. कांहीं मुलांच्या ठायीं ही शक्ति निरुपद्रवी अन्नासच शत्रु समजून त्यावर तुटून पडते. यास ॲलर्जी म्हणतात. हा शब्द व्हिएन्ना येथील डॉक्टर पिर्के यांनीं १९०६ सालीं योजिला. शेंगदाणे, दूध, अंडें, मासे, कोळंबी, गहूं, तीळ, काजू यांपैकीं एखादा पदार्थ असा बाधतो. जन्मांधास पाहून शिष्यांनीं पाप कोणाचें म्हणून विचारिलें, तेव्हां प्रभूनें तो दोष त्याच्यावरहि ठेविला नाहीं व त्याच्या आईबापांवरहि ठेविला नाहीं. मग आपण कां ठेवावा?

२. घरीं काय करावें? – कोणतें अन्न बाधतें हें डॉक्टरांकडून ठरवून घ्यावें. तर्कानें सर्वच अन्न बंद केल्यास मूल खंगतें. आपल्याकडे दाण्याचा कूट भाजींत, चटणींत, खिचडींत दडलेला असतो. त्याच पळीनें वाढलेलेंहि बाधूं शकतें. “थोड्यानें काय होतें?” असें कोणीं म्हणूं नये. बंद पुडक्यावर असे पदार्थ छापावे असा आपल्या देशांत २०२० सालचा नियम आहे. सुट्या मिठाईवर कांहींच लिहिलेलें नसतें.

आणखी एक गोष्ट. लंडन येथें ६४० तान्ह्या मुलांचा अभ्यास होऊन तो २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांना पहिल्या वर्षांतच शेंगदाण्याचें मऊ अन्न नियमानें दिलें, त्यांच्यांत हा विकार फार कमी आढळला. म्हणून भीतीनें तान्ह्यापासून सर्व दूर ठेवूं नये. मात्र ज्याच्या अंगावर तीव्र इसब आहे किंवा ज्यास अंडें बाधतें, त्याच्याविषयीं आधीं डॉक्टरांस विचारावें. आणि अख्खा दाणा लहान मुलास कधींच देऊं नये, तो घशांत अडकतो.

३. संकटसमयीं. – खाल्ल्यावर ओठ सुजणें, गांधी, वांत्या, घरघर, ग्लानि हीं चिन्हें एकदम दिसल्यास वाट पाहूं नये. अंगारा लावूं नये, मीठपाणी पाजून ओकारी काढूं नये. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. मुलास निजवून पाय उंच ठेवावे. श्वास कोंडत असल्यास बसवून धरावें. ॲड्रिनॅलिनची सुई हें पहिलें औषध होय. प्रार्थना अवश्य करावी. पण ती गाडींत बसून, दवाखान्याच्या वाटेवर करावी.

४. मंडळीचें कर्तव्य. – पौलास अन्न निषिद्ध नव्हतें. तरी दुर्बळ बंधूसाठीं तो मांस कायमचें सोडावयास सिद्ध होता. आपणांस तर नाताळच्या एका दिवशीं कूट सोडावयाचा आहे. आईस विचारल्यावांचून कोणाच्याहि मुलाच्या हातावर खाऊ ठेवूं नये. मात्र पथ्याच्या मुलास वेगळें बसवूं नये. वेगळ्या पंक्तीचें दुःख आपल्या वाडवडिलांनीं सोसलें आहे. तें प्रभूच्या घरांत एका लेंकराच्या वांट्यास येऊं नये. त्याचें पान सर्वांबरोबर मांडा, आणि सर्वांचेंच अन्न त्यास चालेल असें शिजवा.

उपदेशकांनीं विचारावयाचे प्रश्न :
(१) मुलाच्या आजारास आईबापांचें पाप म्हणणें योहान ९ प्रमाणें योग्य आहे काय?
(२) आपल्या मंडळींत असें मूल कोणाच्या घरीं आहे? आपण त्या आईस कधीं विचारिलें काय?
(३) येत्या प्रीतिभोजनांत आपण काय सोडूं?