परक्या पात्रांची कथा : ‘स्पॉकॅनेलिया’

मुक्तेश्वर किंवा मोरोपंत यांनी महाभारतातील पात्रे घेऊन काव्य रचले, तेव्हा परवानगीचा प्रश्न उद्भवला नाही. आधुनिक काळात पात्रांना मालक असतो. मग एखाद्या पात्रावर जीव जडलेल्या वाचकाने काय करावे?

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका १९६६ मध्ये सुरू झाली. पुढच्याच वर्षी देव्रा लँगसॅम व शेर्ना कॉमरफोर्ड यांनी न्यूयॉर्कहून ‘स्पॉकॅनेलिया’ हे चक्रमुद्रित (म्हणजे सायक्लोस्टाइल केलेले) नियतकालिक स्वतः काढले. मालिकेतील स्पॉक या पात्राविषयी चाहत्यांनी लिहिलेले लेख, कविता व कथा त्यात असत. १९७० पर्यंत त्याचे पाच अंक निघाले.

असे अंक दुकानात मिळत नसत. टपालाने मागवायचे, चाहत्यांच्या संमेलनात घ्यायचे, वाचून पुढे द्यायचे, अशी रीत होती. पात्रांवरील हक्क निर्मात्यांकडे असल्याने नफा न घेता केवळ कागद, छपाई व टपाल यांचा खर्च भागवण्याचा दंडक रूढ झाला. वाचकच पुढच्या अंकाचा लेखक होई. या लेखकांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, हे आपण विशेष लक्षात घ्यावे.

या लेखनाला ‘निव्वळ अनुकरण’ म्हणून बाजूला सारणे घाईचे ठरेल. मोरोपंतांना आपण तोच निकष लावतो का?